चिठ्ठीवर लिहिलेली नववी

पेणच्या रामवाडी स्टँडवर मी एसटीत बसले तेव्हा आई खिडकीखाली उभी होती आणि बाबा मुद्दाम पाठ करून. गाडी हलल्यावर मात्र वळले नि ओरडले, "जातंस त जा. पन परत आलीस त मिठागरावरच यावं लागंल!" मी सतरा वर्षांची, आठवीतून शाळा सोडलेली, कानपूरला निघाले होते, फौजेचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात. परत राहायला कधी आले नाही.

आज हे लिहायला बसले ते भाचीच्या फोनमुळे. शाळेची स्मरणिका निघतेय. एकाहत्तरच्या लढाईत जवानांसाठी विणकाम केलेल्या मुलींची यादी त्यात छापणार आहेत. माझं नाव नाही. का, तर मी तेव्हा पटावर नव्हते. ऐकल्यापासून जिवाला चैन नाही. म्हणून गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनाही सांगते, काय झालं होतं.

मी तेव्हा आईबरोबर मिठागरात वाफे तुडवायला जायची. पेणच्या बाजारात कळलं, आमच्या हायस्कूलच्या मुली जवानांसाठी मफलर विणतायत. पायांचा चिखल धुतला नि थेट शिवणाच्या वर्गात जाऊन बसले. एक मुलगी म्हणाली, "काय गो, शाळा सोडलीस ना? मग इथं काय?"

"शाला सुटली माजी, हात नाय सुटलं."

शिवणाच्या बाई हसल्या नि त्यांनी सुया माझ्या हातात दिल्या.

आता आमच्या खाडीकाठी थंडी ती केवढी! लोकर पाहिली होती कुणी? मला विणणं म्हणजे जाळं, एवढंच ठाऊक. सगळ्यांच्या आधी मफलर पुरा करून नेला, टाक्याटाक्याला पक्की गाठ. बाईंनी तो उजेडात धरला. आरपार दिसत होतं. "अगं, जवानाच्या गळ्यात घालायचाय. कोळंबी नाही धरायची!" वर्ग हसून लोळला. बाईंनी माझ्याकडूनच एकेक गाठ सोडवून घेतली, बोटं सोलली, आणि पहिल्या टाक्यापासून शिकवलं. तेवढ्यात बातमी आली, रोह्याच्या मुलींची पेटी भरून गेलीसुद्धा. मग काय, हसणाऱ्याच म्हणू लागल्या, "ये गो, बस इथं, तुझा हात जलद हाय."

प्रत्येक मफलरला चिठ्ठी टाचायची होती. नाव आणि इयत्ता. मी नाव लिहून थांबले. तीच मुलगी म्हणाली, "हिची कसली इयत्ता?"

बाई म्हणाल्या, "लिही, नववी. माझ्या वर्गात बसलीस, मी शिकवलं. अजून काय लागतं?"

मी लिहिलं. त्या चिठ्ठ्या सीमेवर गेल्या, पुढे काय झालं त्यांचं देव जाणे. बाईही आता नाहीत. त्यांनीच कानपूरला असलेल्या आपल्या बहिणीला पत्र घालून मला कारखान्यात लावलं. माझी मशीन, माझं क्वार्टर, रजाईत गुरफटून अभ्यास करून ग्रॅज्युएट झालेली माझी दोन पोरं, सगळं त्या माउलीचं देणं. सुपरवायझर साहेब "हाथ बढ़िया है, बिटिया" म्हणायचे तेव्हा मला ती सोललेली बोटं आठवायची.

तर स्मरणिकावाल्यांनो, मी पटावर नव्हते, खरं आहे. वर्गात होते, हेही खरं आहे. थंडीत कुडकुडणाऱ्या जवानाने मफलर गुंडाळताना विणणारी मॅट्रिक आहे का, असं विचारलं नसेल. नाव छापा, नका छापू. समारंभाला येण्याचं तिकीट मी काढलंय. धाकधूक आहे, नाही कशाला म्हणू? आई-बाबा गेले, गावात माझी चूल उरली नाही. पण बसणार पहिल्याच रांगेत. कुणी उठवायला आलं तर भांडेन, चांगली कडकडून, आपल्या बोलीत. इथं कानपुरात मला मान आहे, शेजारपाजार आहे. पण त्या बोलीत मला उलट उत्तर देईल असं माणूस पन्नास वर्षांत एक भेटलं नाही.