नऊ रिसीट आणि अण्णांचा आवाज

आधीच सांगते, असले चमत्कारिक अनुभव मी आजपर्यंत डबा खाताना टाइमपास म्हणून वाचत आले. वाचायचे, नवऱ्याला फॉरवर्ड करायचे आणि वर हसायचं. मी बी.कॉम. झालेली, चौदा वर्षं अकाउंट्समध्ये काढलेली बाई. बँकेचं स्टेटमेंट आणि आपलं लेजर जुळलं नाही तर कुठेतरी चूक असते, आणि नेटाने शोधली की ती सापडते, एवढ्यावरच माझा विश्वास. ही एक चूक मात्र वर्ष होऊन गेलं तरी सापडलेली नाही... ओळखीच्या कुणाला सांगायला गेलं की समोरचा एकदम समजुतीच्या आवाजात बोलायला लागतो. त्याचाच जास्त राग येतो. म्हणून इथे लिहितेय.

मी मूळची निपाणीची, लग्नानंतर बेंगळुरूला आले. नोकरी बोम्मसंद्राच्या इंडस्ट्रियल एरियात, पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्या एका लहान कंपनीत. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. वय अडुसष्ट, राहायला बसवनगुडीत. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेलं. घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की पुण्याची कुणी अकाउंटंट असती तर आठवड्याभरात पळून गेली असती. मला निपाणीमुळे कन्नड येत होतं म्हणून निभावलं.

आमच्या ऑफिसची रचना नीट सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. माझं टेबल आणि अण्णांची केबिन यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत. त्या भिंतीला माझ्या खांद्यापाशी एक छोटी सरकती खिडकी, दुधी काचेची. बिलं, चेक, सह्यांचे कागद त्या खिडकीतून जायचे-यायचे. केबिनचं दार पलीकडे, मशीनच्या शेडकडे उघडणारं. अण्णा सकाळी गाडी मागच्या बाजूला लावून शेडमधूनच केबिनमध्ये शिरत. त्यामुळे दुपारपर्यंत मी त्यांचं तोंडही बघायची नाही. फक्त आवाज.

आणि तो आवाज मला रोज लागायचा. आमचे कस्टमर पैसे पाठवतात ते एकदम, गोळा करून. कुठल्या बिलाचे पाठवले ते सांगायची पद्धत कुणालाच नाही. सॉफ्टवेअरमध्ये रिसीट टाकताना मात्र ते विचारतं, कुठल्या बिलासमोर? माहीत नसेल तर ‘ऑन अकाउंट’ म्हणून नुसतीच जमा करून ठेवता येते, पण मग कोणतं बिल वसूल झालं आणि कोणतं राहिलं हे कळत नाही. नवीन असताना मी शहाणपणा करून सगळी रक्कम सगळ्यात जुन्या बिलापासून ओळीने लावत गेले होते. अण्णांनी माझी थकबाकीची यादी बघून एका चांगल्या कस्टमरला भरलेल्या बिलासाठी फोन केला आणि तो माणूस भयंकर चिडला. तेव्हापासून आमची पद्धत ठरली. मी दहा वाजता बँकेचं स्टेटमेंट काढायचं, पार्टीचं नाव आणि रक्कम मोठ्याने वाचायची, आणि अण्णांनी खिडकीपलीकडून बिल नंबर सांगायचे. सगळं डोक्यात. वही नाही, कागद नाही. मी नंबर परत म्हणून दाखवायचे, ते “सरी”, म्हणजे बरोबर, म्हणायचे, मी सेव्ह करायचे. माझ्या इथल्या नऊ वर्षांत त्यांचा एक नंबर चुकलेला मला आठवत नाही.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधीचा एक मंगळवार. ऑर्डरी तुंबलेल्या, शेडमध्ये दोन्ही मशीनं चालू, ट्यूबलाइटी लागलेल्या. काळोख, वारा, कुत्र्याचं रडणं... असलं काही नव्हतं. लख्ख सकाळ होती.

मी दहाला स्टेटमेंट काढलं. अकरा पेमेंट आली होती. खिडकी नेहमीसारखी चार बोटं उघडी, केबिनमध्ये लाइट. मी वाचायला सुरुवात केली. पीन्या एरियातली बिस्किटवाली पार्टी, अमुक रक्कम. पलीकडून अण्णांनी दोन बिलं सांगितली. होसूरची औषधांची कंपनी. तीन बिलं. आवाज स्वल्प बसल्यासारखा वाटला, पण अण्णांना सर्दी बारा महिने. मी विचारलंसुद्धा नाही.

पाचवी की सहावी रिसीट अगरबत्तीवाल्यांची होती. रक्कम कुठल्याच बिलाशी जुळेना, तीन हजार एकशे चाळीस कमी पडत होते. मी तसं म्हटलं. पलीकडून उत्तर आलं की भिजलेल्या बॉक्सचे त्यांनी कापून घेतलेत, बिल पूर्ण वसूल दाखवू नको, तेवढे शिल्लक दिसू देत, त्यांची कपातीची डेबिट नोट येईल. बॉक्स भिजल्याचं मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. हे लक्षात ठेवा.

नऊ रिसीट झाल्या. दहावी वाचणार तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पुण्याहून रेखाताई, अण्णांची मुलगी. एकुलती एक. आवाजात काळजी. आई हुबळीला मावशीकडे बारशाला गेलीय, बाबा घरी एकटे होते, सकाळपासून चार वेळा फोन केला, उचलत नाहीयेत... ऑफिसला आलेत का?

मी हसले. हो, मी हसले होते. म्हटलं, “अहो, अर्धा तास माझ्याशी बोलतायत. थांबा.” आणि खिडकीकडे मान वळवून म्हटलं, “अण्णा, रेखाताईंचा फोन आहे.”

“आमेले करतो म्हण.”

आमेले म्हणजे नंतर. दिवसातून दहा वेळा अण्णांच्या तोंडी असणारा शब्द. मी रेखाताईंना तेच सांगितलं, कामात आहेत, नंतर करतो म्हणाले. त्यांनी सुस्कारा सोडला, म्हणाल्या, “आहेत ना? मग ठीक.” आणि फोन ठेवला. तेव्हा पावणेअकरा वाजले होते. माझ्या फोनमध्ये तो कॉल अजून आहे, दहा एक्केचाळीसपासून दोन मिनिटांचा.

मी दहावी पार्टी वाचली. उत्तर नाही. परत वाचली. नाही. शेडमध्ये गेले असतील म्हणून शेवटच्या दोन रिसीट ऑन अकाउंट टाकल्या आणि दुसऱ्या कामाला लागले.

एक वाजता गंगम्मा आली. ती आमच्याकडे साफसफाई आणि चहापाणी बघते. तिच्या हातात अण्णांच्या मज्जिगेचा, म्हणजे ताकाचा पेला, भरलेला. अकराला ठेवला होता तसाच. कन्नडमध्ये म्हणाली, सर आज आले नाहीत, ताक तू घेतेस का? मी म्हटलं, सकाळपासून आतच आहेत, शेडमध्ये असतील. तर ती म्हणाली, आलेच नाहीत, गाडीही नाही. मग जरा थांबून, “तू सकाळी फोनवर कुणाशी एवढे नंबर बोलत होतीस?”

तिने फक्त माझाच आवाज ऐकला होता.

मी उठून फिरून शेडच्या बाजूने केबिनमध्ये गेले. लाइट गंगम्माने झाडू मारताना आठ वाजता लावलेला. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली. पेपर घडी न मोडलेला. मी तिथेच दाराला धरून उभी राहिले. आत पाऊल टाकवेना. ती रिकामी खुर्ची माझ्याकडे बघतेय असं वाटत होतं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला अण्णांची काळजी नाही, नुसती भीती वाटली.

मग भानावर आले. अण्णांना फोन लावला, रिंग वाजत राहिली. रेखाताईंना लावला. काय सांगू, कसं सांगू... “ताई, अण्णा इथे नाहीत” एवढंच बोलू शकले. काही न विचारता त्यांनी फोन कट केला. त्यांनी शेजाऱ्यांना कळवलं. शेजाऱ्यांनी दार फोडलं. अण्णा बाथरूममध्ये पडलेले होते, आतून कडी. जिवंत होते. डोक्यात गुठळी अडकून उजवी बाजू गेली होती. साडेआठच्या सुमारास, ऑफिसला निघायच्या आधी पडले असणार, असं डॉक्टर म्हणाले. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं, कदाचित हात-पाय वाचले असते. आता ती वेळ निघून गेली होती.

पावणेअकराला रेखाताई शेजाऱ्यांनाच फोन करणार होत्या. मी ‘ऑफिसात आहेत’ म्हटलं म्हणून केला नाही.

नवऱ्याने माझी समजूत घातली. रोजची सवय आहे, तुझ्याच डोक्यात ते नंबर होते, मनाने आवाज भरून काढला. मलाही तेच हवं होतं. मी सॉफ्टवेअरचा एडिट लॉग काढला. नऊ रिसीट, दहा वाजून आठ मिनिटांपासून दहा चाळीसपर्यंत, सगळ्या माझ्या लॉगिनने, सगळ्या बिलवार. मग त्या नऊही पार्ट्यांना फोन करून विचारलं, कुठल्या बिलांचे पैसे पाठवले होते? नऊच्या नऊ बरोबर. आणि आठ दिवसांनी कुरिअरने अगरबत्तीवाल्यांची डेबिट नोट आली. भिजलेले बॉक्स, तीन हजार एकशे चाळीस. त्यांच्या मॅनेजरने सांगितलं, सोमवारी रात्री अण्णांशी घरी फोनवर बोलणं झालं होतं, दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. हे माझं मन कुठून भरून काढणार होतं?

त्यानंतर मी त्या टेबलावर बसू शकले नाही. जागा बदलून घेतली.

दोन महिने मी अण्णांना भेटायला गेले नाही. घाबरत होते, दुसरं काय. शेवटी रेखाताईंचाच फोन आला, बाबा आता थोडं बोलतात, तुमचं नाव घेतात, या. गेले. दिवाणखान्यात पलंग टाकलेला, अण्णा उशांना टेकून बसलेले. उजवा हात पांघरुणावर नुसता ठेवलेला. रेखाताई माझ्याशी नीट वागल्या. फक्त एकदा, मी चपला काढत असताना, हळूच विचारलं, “त्या दिवशी तुम्ही आत डोकावून बघितलं नव्हतं ना?” मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कॉफी करायला आत गेल्या.

अण्णांनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं. शब्द जड येत होते, पण कळत होते.

“तू वाचत होतीस,” ते म्हणाले. “मला ऐकू येत होतं. बिस्किट... होसूर... स्वप्नात असल्यासारखा मी सांगत होतो.”

मला रडूच कोसळलं. खरं सांगते, त्या रडण्यात थोडी सुटकासुद्धा होती. कसं ते कळत नव्हतं, पण निदान ते अण्णाच होते. बावीस किलोमीटरवर, फरशीवर पडल्या पडल्या माझी कामं करून देत होते. मी त्यांचा हात धरून माफी मागितली. म्हटलं, “अण्णा, मग रेखाताईंचा फोन आला तेव्हा नंतर करतो असं का म्हणालात? तेव्हाच सांगितलं असतंत तर...”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, आणि त्या डोळ्यांत मला जी भीती दिसली ती मी ओळखली.

“तू रेखाचा फोन म्हणालीस तेव्हा भानावर आलो, ओरडलो. पडलोय म्हणून. दार फोडा म्हणून.”

“पण तुम्ही...”

“ते आमेले मी नाही म्हणालो,” अण्णा म्हणाले. “मलापण ऐकू आलं ते. माझाच आवाज. तुझ्या बाजूनं आला.”

तेवढ्यात रेखाताई कॉफी घेऊन आल्या. अण्णांनी नंतर तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. रेखाताईंना आजही वाटतं की मी आत न बघता, सवयीने उत्तर दिलं आणि त्यामुळे त्यांच्या बाबांची उजवी बाजू गेली. त्यांचं तेच मत राहू दे, मी ते सहन करीन. त्या दिवशी केबिनमध्ये बसून अण्णांच्या आवाजात “आमेले करतो” म्हणणारं कोण होतं, हे ना मला सांगता येतं, ना अण्णांना.