व्हॉल्व्हवरची खडूची रेघ

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, पण मान खाली घालून नाही. आधी माझा राग ऐका, मग माझा गुन्हा.

गिरणी संपाच्या वेळी मी विणकर होतो आणि दत्ताराम आमच्याच खात्यात मागांचा फिटर. चाळ एक, मजला एक. मी शेवटपर्यंत गेटच्या आत पाऊल टाकलं नाही. तो आठव्या महिन्यात संप मोडून, पोलिसांच्या गाडीतून आत कामावर गेला. त्याच्या घरी चूल पेटली — माझी आई लोकांची भांडी घासत होती. विसरू? का म्हणून?

लालबागच्या फुटपाथवर मी प्लास्टिकच्या पिशवीतले शोभेचे मासे विकले. भांडून, घासाघीस करून परळला दुकान टाकलं आणि लोकांच्या घरी समुद्री मासे-प्रवाळांच्या काचेच्या टाक्या बसवू लागलो. गिरणी कायमची बंद पडल्यावर दत्ताराम माझ्याच दारात आला. मी त्याला ठेवून घेतलं. दया? छे! मला त्याच्या तोंडून 'शेठ' ऐकायचं होतं. तर हा पहिल्याच दिवशी हसून म्हणतो, "काय शेठ, च्या घेतंस मां?" मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आणि हात त्याचाच चांगला — हे सांगताना आजही जड जातंय. जिवंत प्रवाळांना सतत कॅल्शियम लागतं. त्यासाठी टाकीला रिअ‍ॅक्टर जोडतात — मेलेल्या प्रवाळाच्या खड्यांनी भरलेलं नळकांडं. त्यातल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे, म्हणजे खडे विरघळतात आणि ते पाणी थेंबथेंब टाकीत जातं. गॅस कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर टाकीचं पाणी आम्लधर्मी होतं आणि सगळं मरतं. दत्ताराम बुडबुडे मोजायचा, गॅसचा व्हॉल्व्ह केसभर फिरवायचा, मग दोन दिवस थांबायचा. जमलं की गिरणीतल्या सवयीनं व्हॉल्व्हवर एक सरळ खडूची रेघ ओढायचा — अर्धी फिरत्या भागावर, अर्धी स्थिर भागावर. कुणी हात लावला तर रेघ तुटणार. गिऱ्हाइकाला दाखवून सांगायचा, रेघ जुळते तोवर जबाबदारी माझी.

आमच्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये दत्तारामनं रेघ ओढून दिलेली एक टाकी होती. तिचा मालक गुरुवारी माझ्यावर खेकसला — कॅल्शियम अजून कमीच येतंय, रविवारी पाहुणे आहेत! दत्ताराम दुसऱ्या कामावर होता. माझ्यावर कुणी खेकसलेलं मला चालत नाही. दोन दिवस थांबा, असं मी सांगणार? मालक आत गेल्यावर व्हॉल्व्ह अर्धा फेरा उघडला आणि निघून आलो.

शनिवारी सकाळी फोन आला. जाऊन बघतो तर प्रवाळांचं अंग सोलून निघालेलं, आत पांढरे सांगाडे. मालक आतल्या खोलीत फोनवर ओरडत होता, दत्ताराम अजून पोहोचायचा होता. आणि व्हॉल्व्हवरची रेघ तुटलेली —

मी ती अंगठ्यानं पुसली. टाकीखालच्या कपाटात त्याच्या खडूचा तुकडा होता. व्हॉल्व्ह उघडा होता तसाच ठेवून नवी रेघ ओढली. अगदी जुळणारी.

मालकानं दत्तारामला विचारलं, "लाइन तुझीच ना?" तो वाकला. माझी रेघ जाड होती, त्याची बारीक असायची. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "होय साहेब." दुकानाचं नाव जाऊ नये म्हणून मी त्याला तिथेच, मालकासमोर कामावरून काढलं. आवाज चढवून काढलं. पुढे शहरातल्या एकाही टाकीवर त्याला कुणी उभं केलं नाही. ते हात एका गोदामाच्या गेटवर रखवाली करत बसून राहिले.

त्या दिवशी टॉवरखाली आल्यावर त्यानं एकच विचारलं.

"संपाचो राग काढलंस काय रे?"

"होय," मी ताठ मानेनं म्हणालो.

"मग बराबर झाला," तो म्हणाला आणि चालू लागला.

खोटं होतं ते. रेघ पुसताना मला ना संप आठवला होता, ना आई. मी त्या मालकाला घाबरलो होतो. मी — दीड वर्ष पोलिसांना न घाबरलेला माणूस! राग आहे, अजून आहे, आणि खरा आहे. पण त्या दिवशी जे केलं त्याच्याशी रागाचा काही संबंध नाही. दत्ताराम मात्र ती संप मोडल्याची शिक्षा समजून आजवर गप्प आहे. आणि मी त्याला तसं समजू दिलंय.