पडदेकाकूंची धक्कागाडी

आमच्या उताराच्या गल्लीत अगदी वरच्या टोकाला पडदेकाकू राहतात. त्यांचं खरं आडनाव पोस्टमनला तेवढं ठाऊक असावं. पूर्वी त्या एका शिंप्याच्या दुकानात कपडे शिवायच्या. बाही आखूड झाली, कंबर घट्ट झाली, ही रोजची कटकट ऐकून त्यांचे कान किटले आणि त्या पडद्यांकडे वळल्या. "माणसं जाड-बारीक होतात, खिडक्या होत नाहीत," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पुढच्या खोलीत कापड बेतायचं लांबलचक टेबल, खिडकीशी शिलाई मशीन आणि कोपऱ्यात दांड्यांचा जुडगा. पाहुण्याने बसायचं ते कापडाच्या ताग्यावर.

काका बसमधले निवृत्त कंडक्टर. दारात कोणी घुटमळलं की ते अजूनही म्हणतात, "आत सरका, आत जागा आहे."

दांड्या आणि पडदे घेऊन गावभर बसने फिरायचं म्हणजे तारेवरची कसरत. दर वळणावर दांडी कुणाच्या तरी डोक्याला लागायची आणि काकू माफी मागत उतरायच्या. शेवटी पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या आणि एक जुनी पांढरी व्हॅन घेऊन आल्या. विकणारा गोडबोल्या होता. व्हॅनमध्ये अत्तराचा असा घमघमाट होता, की काकांना वाटलं, आधीचा मालक मोठा शौकीन असणार.

आठवड्याभरात अत्तर उडालं आणि त्याखालून ओल्या पोत्याचा वास वर आला. काकूंनी मॅटचा कोपरा उचलला. खाली पिठासारखा बारीक गाळ सुकून बसला होता. दाराचं आतलं कव्हर काढलं, तर पत्र्यावर तपकिरी रेघ, खडूने आखावी तशी सरळ.

"अहो, ही गाडी पुरात बुडालेली आहे," काकू म्हणाल्या.

"मग परत देऊन टाकू."

"कुणाला? त्याचा फोन लागत नाहीये."

काकूंनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग पदर खोचला. सीटा, मॅट सगळं गच्चीवर नेऊन धुतलं, उन्हात वाळवलं. कोपऱ्याकोपऱ्यातला गाळ पडद्याच्या ब्रशने काढला. वास गेला, व्हॅन आतून लख्ख झाली. पण खरं दुखणं निराळंच होतं. सकाळी किल्ली फिरवली की 'टक' असा आवाज यायचा आणि पुढे काही नाही.

चौकातल्या मेकॅनिकने बॅटरी बदलली. दोन-चार दिवस बरे गेले, मग पुन्हा टक. त्याने स्टार्टर खोलला, आतला गाळ साफ केला, गंजलेलं काय काय बदललं. पुन्हा काही दिवस बरे, पुन्हा टक. दुपारी ऊन तापलं की कधी कधी पहिल्या फटक्यात चालू व्हायची, त्यामुळे त्याच्यासमोर ती नेमकी शहाण्यासारखी वागायची.

"काकू, पाणी शिरलेली गाडी म्हणजे रुसलेला माणूस," तो हताश होऊन म्हणाला. "कशावर अडलंय ते तोंडाने सांगणार नाही."

उताराची गल्ली मात्र कामाला आली. दुसरा गियर टाकायचा, मागून तिघा-चौघांनी ढकलायचं, वेग आला की काकूंनी क्लच सोडायचा. व्हॅन एक आचका देऊन चालू व्हायची, कारण इंजिनात खोट नव्हतीच. पहिले काही दिवस काका एकेकाला हाका मारून आणायचे. पुढे हाक मारायची गरज उरली नाही. मी ऑफिसला जाताना पाच मिनिटं आधी निघू लागलो. दातांचे डॉक्टर दवाखाना उघडायच्या आधी यायचे. त्यांच्या वरच्या मजल्यावरचा बँडवाला यायचा, तोही डोळे चोळत.

या दोघांचं बोलणं बंद होतं. बँडवाला घरी ट्रम्पेटचा सराव करायचा आणि खाली पेशंट तोंड उघडून बसला की नेमका वरचा सूर लावायचा. डॉक्टरांनी तक्रार केली, त्याने चढ्या आवाजात उत्तर दिलं आणि विषय तिथेच तुटला. आता मात्र दोघांना रोज एकाच पत्र्याला खांदा लावावा लागायचा. काका बाजूने चालत ओरडायचे, "चला पुढे, पुढे चला." हसू आलं की ढकलायचं बळ जातं, म्हणून सगळे ओठ दाबून ढकलायचे. एके दिवशी डॉक्टरांचा पाय घसरला आणि बँडवाल्याने त्यांची कॉलर धरून त्यांना सावरलं. "लागलं का?" त्याने विचारलं. "नाही," डॉक्टर म्हणाले. मग कॉलर सारखी करत म्हणाले, "काल वाजवत होता ते बरं होतं." त्या दिवसापासून त्यांचं बोलणं सुरू झालं.

अशात काकूंना आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. गावातलं जुनं नाट्यगृह दुरुस्त होऊन पुन्हा उघडणार होतं आणि रंगमंचाचा पडदा काकू शिवणार होत्या. गर्द लाल मखमल. टेबलावर मावेना, म्हणून त्यांनी गच्चीवर चादरी अंथरून ती बेतली. रोज संध्याकाळी आम्ही जिन्यातून तिचं टोक धरून वर-खाली करायचो.

पडदा पोचवायच्या दिवशी सकाळी काकू खाली आल्या, तर त्यांच्या दारापुढेच नळाच्या कामासाठी रस्ता आडवा खणलेला. मागे दुसऱ्या रस्त्याकडे जायची वाट होती, पण ती सपाट आणि चिंचोळी. तिथे ढकलून वेग यायचा नाही. किल्ली फिरवली. टक.

काकांनी मेकॅनिकला बोलावून आणलं. तो पुन्हा बॅटरीकडे वळला, तेव्हा काकूंनी त्याला थांबवलं.

"बॅटरी नवी. स्टार्टर तू नवा केल्यासारखा केलास. मग त्या दोघांच्या मधे काय राहिलं?"

"वायरी. पण त्या मी बघितल्यात, काकू. चांगल्या आहेत."

"वरून बघितल्यास. माझ्या शिलाई मशीनच्या पेडलची वायर वरून अशीच गुळगुळीत होती. आतून खलास झालेली."

मेकॅनिकने डोकं खाजवलं. मग त्याने जोडवायर काढली, तिचं एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला आणि दुसरं थेट इंजिनाच्या धातूला लावलं. "फिरवा आता."

काकूंनी किल्ली फिरवली आणि व्हॅन अशी चटकन चालू झाली, की वाकून बघणारे डॉक्टर दचकून मागे सरले. मेकॅनिक हसतच सुटला. "बॅटरीची अर्थिंगची वायर. कव्हरच्या आत पाणी शिरून सगळी हिरवी पडली असणार. मी तिच्याकडे बघून रोज मान डोलवत होतो."

"आता बंद करू नका," काका म्हणाले. "बसा, भरा, निघा."

मखमलीची ती अजस्र गुंडाळी आम्ही खांद्यावरून आत लोटली. जागा उरली नव्हती, तरी काकांनी आम्हाला आत सरकवत सरकवत बसवलंच. मी आणि डॉक्टर पडद्यावर बसलो, बँडवाल्याने ट्रम्पेटची पेटी मांडीवर घेतली, कारण त्याला संध्याकाळी तिथेच वाजवायचं होतं. मेकॅनिक पुढे बसला. वाटेत बंद पडली तर जोडवायर त्याच्याच हातात होती. पण काकूंनी व्हॅन कुठे बंद पडू दिली नाही.

पडदा टांगायला दुपार झाली. सगळ्या कड्या अडकवून झाल्यावर तिथल्या व्यवस्थापकाने दोरी काकूंच्या हातात दिली. काकूंनी ओढली. लाल मखमल मधोमध दुभंगली आणि आवाज न करता दोन्ही बाजूंना सरकत गेली. खालची किनार सगळीकडे जमिनीपासून सारख्या उंचीवर. काकूंनी पडदा पुन्हा मिटवला, पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा उघडला तेव्हा काका विंगेत उभे राहून नाक पुसत होते.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. धूळ आहे इथे."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ती वायर काढून कापली. आतली तांब्याची तार खरोखरच हिरव्या भुकटीसारखी गळून पडली. नवी वायर बसली आणि व्हॅनचं रुसणं संपलं.

सकाळी आम्हाला करायला काही उरलं नाही. काकूंनाही ते जाणवलं असावं, कारण पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना तलावावर नेलं. खिडक्या उघड्या होत्या, बँडवाला वाजवत होता आणि काकू चढावर एका मोटारसायकलला मागे टाकून पुढे गेल्या.

"जरा हळू," काका म्हणाले.

"तुम्ही तिकिटं बघा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा गियर टाकला.