शिट्टीकाकूंचा कडुनिंब

शिट्टीकाकूंच्या गळ्यात दोन गोष्टी कायम असत, मंगळसूत्र आणि शिट्टी. दिवसातून एकदा तरी दोन्हींचा गुंता व्हायचा आणि तो सोडवताना त्या म्हणायच्या, "एक लग्नाची, एक नोकरीची. कोणतीच काढता येत नाही बापा." मुलींच्या शाळेत त्यांनी अख्खी नोकरी खेळाच्या बाई म्हणून केली. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शाल-श्रीफळ दिलं, पण शिट्टी परत मागायची कुणाची छाती झाली नाही. मग ती शिट्टी आमच्या इंद्रपुरीत वाजू लागली. भाजीची गाडी पुढे निघून चालली की शिट्टी, गाय कुंड्यांपाशी आली की शिट्टी. काका, म्हणजे त्यांचे यजमान, स्वभावानं अगदी गरीब. त्यांना लांब शिट्टी आली की चहा झालाय, आणि तुटक आली की दूध उतू चाललंय, एवढं बरोबर कळायचं.

काकू मूळच्या नागपूरच्या. त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले तेव्हा त्या कडेवर होत्या. तरी बोलणं नागपूरचंच राहिलं, त्यात भोपाळची हिंदी मिसळली. लाड मराठीत आणि रागावणं हिंदीत, अशी त्यांची सोय होती. मी इंदूरची. लग्न होऊन आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे खिडकीखाली शिट्टी वाजली. "ए वरची! झोपून काय राहिली? मैदानावर ये!" श्रीकांत, माझा नवरा, कारखान्यातल्या रात्रपाळीवरून येऊन नुकता आडवा झाला होता. तो दचकून उठून बसला आणि म्हणाला, "जा बाई तू. नाहीतर त्या मलाही बोलावतील."

मैदानावर काकूंची तुकडी होती. साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या, पंजाबी ड्रेसमधल्या, गुडघेदुखीवाल्या, नव्यानं लग्न झालेल्या, सगळ्या. चार फेऱ्या, मग कवायत. या तुकडीचा एकच अलिखित नियम होता आणि तो काकूंनी शाळेतून जसाच्या तसा आणला होता. मैदानाच्या कडेला एक कडुनिंब होता. जिची पाळी चालू असेल तिनं सरळ त्याच्याखाली जाऊन उभं राहायचं. काही सांगायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून पाय दुखत नसतील तर रांगेत या, दुखत असतील तर झाडाखाली. "शाळेत पोरी मरणाच्या लाजत," काकू सांगायच्या, "मग मी म्हटलं, बोलूच नका ना. झाड समजते सगळं." आमच्यात झाडाखाली उभ्या असलेल्या बाईला जाताजाता कुणीतरी पाण्याची बाटली देऊन जायची, एवढंच.

काकूंची दुसरी ख्याती होती ओळखण्याची. आश्विनात त्यांच्या घरी भुलाबाई बसायची, म्हणजे नागपूरकडचा भोंडलाच. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा, ही त्यातली खरी गंमत. आम्ही बाया डोकं लढवून काहीतरी अवघड करून आणायचो आणि काकू डबा कानाशी धरून हलवायच्या. डोळे मिटलेले, चेहरा गंभीर. "चुरमुऱ्याचा आवाज येऊन राहिला, पण ओला आहे. भेळ!" एका वर्षी मी मुद्दाम डब्यात रुमाल कोंबून साबुदाण्याच्या पापड्या नेल्या. त्याही त्यांनी ओळखल्या, वर रुमालाचा रंगही सांगितला. रंग चुकला, पण तेवढ्या आत्मविश्वासानं सांगितल्यावर कोण वाद घालणार? काकूंना ओळखता येत नाही असं जगात काही नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. त्यांचीही होती, आणि तिथेच घोळ झाला.

त्या वर्षी दिवाळीत मी पाळणा लांबवायच्या गोळ्या बंद केल्या. लग्नापासून घेत होते. आता मूल हवं असं आम्हा दोघांना वाटायला लागलं होतं. गोळ्यांच्या काळात माझी पाळी शाळेच्या बससारखी, ठरल्या वारी दारात हजर. मला वाटलं, गोळ्या बंद, एक-दोन महिन्यांत गोड बातमी, सोपा हिशेब. शेवटच्या पाकिटानंतरची पाळी दिवाळीच्या सुमारास आली आणि त्यानंतर आलीच नाही. पहिल्यांदा हर्ष झाला. घरी तपासणी केली, नाही. पुन्हा केली, पुन्हा नाही. हनुवटीवर कॉलेजातल्यासारखे फोड आले, सलवारीची नाडी आखूड पडायला लागली. जवाहर चौकातल्या चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासायचं काम करते. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" विचारायचं, आणि मला स्वतःच्या शरीराचं काही म्हणता काही दिसत नव्हतं. इतकी वर्षं गोळ्या घेऊन आपणच आपलं काहीतरी कायमचं बिघडवून ठेवलं, ही भीती मनात घर करून बसली. आईला सांगितलं असतं तर ती पहिल्या गाडीनं इंदूरहून आली असती. श्रीकांत म्हणाला, "होईल गं." त्याला बिचाऱ्याला दुसरं काय म्हणता येणार? मी आणखी कुणालाच काही बोलले नाही.

पण याच सुमारास माझे लाड वाढले. काकूंकडून डिंकाचे लाडू आले. समोरच्या कुलकर्णीकाकूंनी मेथीचे पाठवले. कोपऱ्यावरच्या शर्मा भाभी गाजर हलव्याचं पातेलंच घेऊन वर आल्या, "खा लो बेटा, ठंड में अच्छा रहता है." भोपाळची थंडी म्हणजे खाण्याचं निमित्त, मला काही संशय आला नाही. दुःखात असताना समोर लाडू असला की तो कसा संपतो ते आपलं आपल्यालाही कळत नाही. मैदानावर उड्या मारायची वेळ आली की काकू शिट्टी थांबवून म्हणायच्या, "वरची, तू नको. तू हळू चाल." मला वाटायचं, माझं वजन पाहून दया करतायत. अजूनच रडू यायचं, आणि घरी आल्यावर अजून एक लाडू.

संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी दुपारी खालून शिट्टी आली. "मटार सोलायला ये!" जानेवारीत आमच्याकडे पोत्यानं मटार घेतात, त्यामुळे यात नवल काही नव्हतं. मी घरातला विटका ड्रेस, केसांना क्लिप, हातात परात, अशी खाली गेले. दार उघडलं तर समोर पाच बायका रेशमी साड्या नेसून बसलेल्या. पाट मांडलेला, भोवती रांगोळी. काय होतंय हे कळायच्या आत काकूंनी मला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि माझ्याच ओढणीत नारळ, खण, गहू, खारका, हळकुंड भराभर ओतायला लागल्या. "आई जवळ नाही तुझी," त्या कानात म्हणाल्या, "म्हणून आम्हीच चोरओटी भरून राहिलो. बाहेर कोणाला सांगत नाही, काळजी नको करू."

चोरओटी! तिसऱ्या महिन्यात, बाहेर बातमी फुटायच्या आधी गुपचूप भरायची ओटी. माझ्या मांडीवर नारळ, तोंडात कुणीतरी कोंबलेला पेढा, आणि समोर पाच हसरे चेहरे. माझा बांध फुटला. "काकू, मला दिवस गेलेले नाहीत! मी गोळ्या बंद केल्यात, आणि तेव्हापासून पाळीच येत नाहीये!" एवढं मी पेढ्यासकट बोलले, त्यामुळे कुलकर्णीकाकूंना दुसऱ्यांदा सांगावं लागलं. शर्मा भाभींना कुणीतरी हिंदीत समजावलं. मग आतल्या खोलीत काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, तेही ऐकू आलं.

"दिवाळीपासून तू झाडाखाली गेली नाही," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "मी म्हटलं, ओळखलं." मग त्यांनी गळ्यातली शिट्टी उचलली, तोंडात धरली आणि बंद खोलीत अशी काही वाजवली की काका दारात येऊन उभे राहिले. "फाउल!" काकू म्हणाल्या. "माझा. सगळा माझा." त्यांचे डोळे भरले होते. पहिल्यांदा मलाच हसू फुटलं. मग शर्मा भाभींना, मग सगळ्यांना. कुलकर्णीकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, म्हणजे ते लाडू सगळे..." आणि आम्ही पुन्हा हसलो. भरलेली ओटी परत घेत नाहीत, त्यामुळे त्या नारळाच्या तिथल्या तिथे वड्या करायच्या ठरल्या. रेशमी साड्या खोचून बायका खरोखरच मटार सोलायला बसल्या. मी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. लपवायला काही उरलं नव्हतं, हेच केवढं तरी सुख होतं.

दुसऱ्या दिवशी काकू मला लेडी डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मी नको म्हणत होते, पण शिट्टी हातात असलेल्या बाईला नाही कसं म्हणणार? डॉक्टरांनी सगळं विचारलं, तपासण्या लिहून दिल्या. थायरॉइड आणि बाकीचं, सगळं पुढे नीट निघालं. "गोली की आदत में शरीर अपनी घड़ी भूल जाता है," त्या म्हणाल्या. "किसी को तुरंत याद आती है, किसी को तीन-चार महीने लगते हैं. बिगड़ा कुछ नहीं है. और आगे भी न आए तो फिर आना, बैठ मत जाना." मग वजनाचा कागद बघून त्यांनी भुवया उंचावल्या. "गोली छोड़ने से आम तौर पर इतना नहीं बढ़ता. खाती क्या हो?" काकू खुर्चीत सावरून बसल्या आणि वर्गात चूक कबूल करणाऱ्या मुलीसारख्या म्हणाल्या, "लड्डू. मेरे हैं, मैडम."

परत येताना रिक्षात काकू शिट्टी आणि मंगळसूत्राचा गुंता सोडवत बसल्या. मग म्हणाल्या, "डबा हलवून ओळखता येते पोरी. बाईला हलवून नाही ओळखता येत. ती सांगीन तेव्हाच ऐका लागते." लाडू बंद झाले. त्याऐवजी संध्याकाळीही फेऱ्या सुरू झाल्या, मी आणि काकू दोघीच. त्या चालताना शाळेच्या गमती सांगायच्या. पाळीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. आणि त्या दिवसापासून वस्तीत नवा कायदा आला. हळदीकुंकवाला कुणी कुणाच्या सुनेला "काही विशेष?" म्हटलं किंवा "तब्येत सुधारली हो!" म्हणून कमरेकडे बघितलं की शिट्टी वाजायची. "फाउल! बाहेर!" आणि फाउल केलेल्या बाईला खरंच ओट्यावर जाऊन बसावं लागायचं. एकदा काकूंची सख्खी नणंद तिथे बसली होती, प्रसादाची वाटी हातात धरून.

होळीच्या आधी एका सकाळी मैदानावर पोहोचले आणि रांगेत न जाता सरळ कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिले. पोटात कळ येत होती आणि माझा चेहरा मात्र लग्नात हसला नसेल इतका हसत होता. काकूंनी पाहिलं. त्यांची कवायतीची शिट्टी मध्येच अडली. विचारायचं नाही हा नियम त्यांचाच, त्यामुळे त्यांची फार पंचाईत झाली. मग त्यांनी तुकडीकडे तोंड केलं आणि फर्मान सोडलं, "आज सगळ्याजणी, टाळ्या! एक-दोन, एक-दोन!" बायका कवायत समजून टाळ्या वाजवायला लागल्या. ज्यांना कळलं त्या माझ्याकडे बघून वाजवत होत्या. जाताजाता काकूंनी पाण्याची बाटली हातात दिली आणि गाल ओढला, एवढंच.

पुढे पाळी कधी लवकर, कधी उशिरा, पण येत राहिली. वजनही फेऱ्यांनी हळूहळू उतरलं, सगळं नाही, पण नाडी पुरायला लागली. पुढच्या हिवाळ्यात काकांचे गुडघे फारच धरायला लागले आणि त्यांच्या मुलीनं दोघांना नागपूरला न्यायचं ठरवलं. स्टेशनवर अख्खी तुकडी पोचवायला गेली होती, कॅनव्हासच्या बुटांसकट. काकू डब्याच्या दारात उभ्या. मला बघितलं, नजर एकदा खाली गेली, पटकन वर आली. गेल्या महिन्यात मी झाडाखाली गेले नव्हते. त्याच्या आधीच्याही महिन्यात नाही. हे त्यांच्या लक्षात आलं नसेल? काकूंच्या? पण त्या प्लॅटफॉर्मकडे बघत म्हणाल्या, "थंडी आहे बापा. कान बांधत जा." ओठ घट्ट मिटले होते. भोपाळातला कुठलाही डबा ओळखणारी ती बाई माझ्यासमोर उभी राहून मी सांगायची वाट बघत होती. मला कुणी एवढा मान कधी दिला नव्हता.

मी पायरीवर चढले आणि त्यांच्या कानात सांगितलं. माझ्या आईच्याही आधी.

"हो का?" काकू म्हणाल्या. "मला काय मालूम!" आणि मग त्यांच्याच्यानं राहवेना. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि गाल फुगवून अशी लांबलचक वाजवली की गाडी सुटली असं समजून चहाचे पेले टाकून लोक डब्यांकडे पळत सुटले. कुणी पोराला खिडकीतून आत ढकललं, कुणी भलत्याच डब्यात चढलं. खरा गार्ड हिरवा झेंडा बगलेत धरून तिकडून ओरडत आला, "अरे, किसने बजाई? किसने?" आणि आमची सगळी तुकडी, कुलकर्णीकाकू, शर्मा भाभी, मी, एका आवाजात म्हणालो, "फाउल! हमारा!"