परकोटाच्या आतलं घर

सिस्टरमावशी घर पाहायला गेली की आधी पाणी मागायची. खोल्या, छत, मोरी सगळं मागून. तहान नसायचीच, पर्समध्ये स्वतःची बाटली असायची. तरी ओसरीवर बसून घाम पुसत म्हणायची, "पाणी देता का जरा?" पाणी कोण आणतं, कशात आणतं, आणि आडनाव कळायच्या आधी आणतं की नंतर, यावर तिचा निम्मा निकाल लागायचा. "भिंती कायच्या पाहाच्या? गिलास पाहाचा," असं तिचं शास्त्र होतं.

मावशी मूळची दिघोरीची. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पोरींना शिकवलं, आणि ही नर्स झाली. सगळी नोकरी सरकारी क्वार्टरात गेली. लोक सिस्टर म्हणायचे, म्हणून आम्हा भाचरांची ती सिस्टरमावशी. निवृत्त झाल्यावर तिनं हट्टच धरला, घर घेईन तर पवनीत, तेही परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आत. स्तूप सापडला ती टेकडी गच्चीवरून दिसली पाहिजे. आम्ही म्हणायचो, "शहापूरला घे ना, हायवेवर. सगळं हाताशी." ती म्हणायची, "इतकं जुनं गाव आहे. त्यात आपलं एक दार असलं तं कोनाचं काय जाते?"

स्कुटीवर तिला फिरवायचं काम माझ्याकडे होतं. खरं सांगते, मला त्या फिरण्यात किळस आली. परकोटाच्या दगडांवर खर्रा-तंबाखूच्या पिचकाऱ्या, खंदकात लग्नाच्या उष्ट्या पत्रावळी आणि पोरांचे डायपर, तुंबलेल्या नालीत लोळणारी डुकरं. एवढा इतिहास उशाशी घेऊन लोक त्यावरच थुंकत होते. मावशीला तर घाणीचं भारीच वावडं. ती नाकाला पदर लावायची, पण नाली ओलांडून पुढे जायची. "नाली साफ करता येते, बाई," म्हणायची.

एका निवृत्त गुरुजींना त्यांचं जुनं घर विकायचं होतं. त्यांनी आम्हाला बसवून गावाचा इतिहास ऐकवला. "बुद्धाच्या काळापासूनचं वैभव आहे हे आपलं!" ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "आडनाव काय म्हणाल्या आपण?" मावशीनं सांगितलं. आत कपबश्या वाजत होत्या, त्या थांबल्या. चहा आलाच नाही, पाणी आलं ते कागदी ग्लासात. मावशी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, ग्लास चुरगाळून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "पाणी गोड आहे, गुरुजी."

बाहेर आल्यावर माझा नुसता संताप झाला. मावशी हसत होती. "काहून चिडून राहिली? कागदाचा होता म्हनून समजलं तरी. स्टीलचा देऊन मागून फेकून देला असता, तं काय समजलं असतं?" तिला हसू यायचं. मला या गोष्टीचं अजूनही हसू येत नाही.

टेकडीजवळ, गुरुजींच्याच गल्लीत, एक विधवा काकू भेटल्या. मुलगा पुण्याला, त्या तिकडेच जायच्या होत्या. त्यांनी तांब्याभर पाणी आणलं आणि उरलेलं त्याच तांब्यातून स्वतः प्यायल्या. गच्चीवरून टेकडी समोरच दिसत होती. मावशी तिथून हलेना. आडनाव ऐकून काकू एवढंच म्हणाल्या, "माह्यं काही नाही, बाई. तुमी राहा." शब्द झाला. मावशीनं त्याच आठवड्यात पडद्यांचं कापड आणलं.

मग काकूंचा फोन आला. त्या रडत होत्या. "गल्लीतले लोक जमले होते. देऊळ जवळ आहे म्हनते. गुरुजीच बोलले सगळ्यायच्या वतीनं. मी एकटी बाई, काय करू?" मावशी बराच वेळ त्यांचीच समजूत घालत राहिली. फोन ठेवला आणि पडद्याचं कापड घडी घालून ट्रंकेत टाकलं.

शेवटी तिनं परकोटाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये घर बांधलं. गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली. मावशीनं गुरुजींनाही बोलावलं होतं आणि ते आलेही. हातावर दिलेला पेढा त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात घातला. मला शिसारी आली. वर म्हणतात, "बरं झालं सिस्टर, तुम्ही मोकळ्या हवेत आलात. आत काय, नुसती घाण आहे हो."

"घाण मलेही दिसत होती, गुरुजी," मावशी म्हणाली. "तरी मले तिथंच राहाचं होतं."

या नव्या घराच्या गच्चीवरून पेट्रोल पंप दिसतो. मावशी संध्याकाळी तिथे कधी बसली नाही. मागच्या वर्षी ती गेली.

काकूंचं घर एका व्यापाऱ्यानं घेतलं. तिथे कोणी राहत नाही, माडीपर्यंत खताची पोती रचलेली असतात. त्या वासानं देवळात बसणाऱ्यांचेही डोळे चुरचुरतात. गल्लीतल्या कोणाचीही हरकत नाही.