दिगंबर पेंडशाचं नको नको

कलकत्त्यातच जन्मलेल्या दिगंबर पेंडशाला देवानं एकच विद्या दिली होती, वाढण्याची. गणपतीत तिथल्या मराठी मंडळींची पंगत बसली की हा जिलब्यांचं ताट घेऊन उभा, आणि पानावर आडवे हात धरणाऱ्यांनाही दोन वाढल्याशिवाय पुढे सरकत नसे. असा माणूस पार्क स्ट्रीटवरच्या 'ब्लू पेलिकन'सारख्या जुन्या, बड्या रेस्टॉरंटात वेटर झाला. आता याला काय म्हणावं!

तिथला नियम असा, की गिऱ्हाईक एकदा नको म्हणालं की बशी मागे. दिगंबरला हा शुद्ध रानटीपणा वाटे. पहिल्या 'नको'ला हात आखडता घेणारा यजमान कसला? तरी अकरा वर्षं त्यानं जिभेला लगाम घातला. पण १९५२ च्या नाताळात बजबजच्या ज्यूट मिलचे एक साहेब पुडिंगला नको म्हणाले आणि दिगंबरला राहवेना.

"लीजिए साहब, आपको मेरे गले की कसम!" म्हणत त्यानं पळीभर पुडिंग त्यांच्या बशीत घातलं. साहेबांनी ते चाटूनपुसून खाल्लं आणि मग तक्रार केली.

मॅनेजर डिक्सनसाहेबांनी दिगंबरला कामावरून काढलं. सियालदहच्या खोलीत बायको कालिंदी आणि तीन पोरं. त्यांना काय सांगणार?

रेस्टॉरंटची एक रीत मात्र चांगली होती. जाणाऱ्या नोकराला शेवटच्या दुपारी गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसवायचं आणि मॅनेजरनं स्वतः वाढायचं. दिगंबर बसला. अकरा वर्षं ज्यांचा नुसता वास घेतला ते पदार्थ एकेक करून समोर येऊ लागले.

"सूप?" डिक्सनसाहेबांनी विचारलं.

"नको, नको," दिगंबर लाजून म्हणाला. सूप परत गेलं.

"मासा?"

"छे, छे, कशाला उगाच!" मासाही गेला. मग कोंबडी गेली. बिचारा प्रत्येक बशीकडे सासरी निघालेल्या लेकीकडे पाहावं तसा पाहत राहिला. शेवटी त्याच्या पोटातून असा आवाज निघाला की शेजारच्या मडमेनं वळून पाहिलं.

"भूखा है, तो खाता क्यों नहीं?" साहेब वैतागले.

"आप दुबारा पूछते ही नहीं, साहब!" दिगंबर रडवेला होऊन म्हणाला.

साहेबांनी कोंबडी परत मागवून दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि दिगंबर जो तुटून पडला! त्या दालनात इतक्या आनंदानं जेवणारा माणूस साहेबांनी कधी पाहिला नव्हता. त्यांना वाढण्याची चटकच लागली. "थोडा और? बस, इतना सा!" कपाळावर घाम येईपर्यंत ते वाढत होते.

शेवटी खुर्चीत टेकून ते म्हणाले, "पेंडसे, कल से काम पर आ जाओ."

"नको, नको, साहब, कशाला उगाच!" दिगंबरच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

दिगंबरनं लगेच जीभ चावली. साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं, मिशी नीट केली, आणि सावकाश विचारलं, "सचमुच नहीं?"

"आता हूँ, साहब!" दिगंबर ओरडलाच. तिसऱ्यांदा विचारण्याची वाट न पाहता तो आयुष्यात पहिल्यांदाच हो म्हणाला होता.