जिन्याखालचं दुकान

पडदेवाल्या वहिनींच्या घरात दारूला शिवणारं कुणी नव्हतं, आणि तरी त्यांच्या जिन्याखाली पेटीभर वाइन वर्षानुवर्षं आडवी पडून होती.

दुसऱ्याच्या कारखान्यात पडदे शिवून वहिनींची पाठ धरली होती. स्वतःचं दुकान काढायचं, हे एकच खूळ डोक्यात. एकदा वाइनच्या व्यापाऱ्याकडे पडदे लावताना त्यांना कळलं, की काही लोक भारी वाइन पीतच नाहीत. घेतात, पडू देतात आणि भाव चढला की विकतात. व्यापारी स्वतः तर एकेक घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकत होता. ‘एवढं महागाचं, आणि चुळा भरतोय मेला!’ वहिनींचा जीव तुटला. पण महिन्याच्या आत त्यांनी गळ्यातली साखळी मोडली आणि त्याच्याकडूनच एक पेटी घेतली.

“लोक दारूपायी सोनं घालवतात, आमच्या ताईनं न पिताच घालवलं,” भाऊ म्हणाला. सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला. घराला तेवढीच शांतता.

जिन्याखाली गारवा होता. उजेड नको म्हणून वहिनींनी तिथं जाड अस्तराचा पडदा लावला. भावाच्या लग्नात, मुलाला नोकरी लागली तेव्हा, दर वेळी कुणीतरी म्हणायचं, एक तरी फोडा. वहिनींचं उत्तर ठरलेलं.

“ते माझं दुकान आहे. दुकान कुणी पितं का?”

अखेर चौकात एक गाळा रिकामा झाला, तेव्हा त्यांनी त्याच व्यापाऱ्याला घरी बोलावलं. त्यानं बाटल्या उलटसुलट करून पाहिल्या आणि नाक मुरडलं.

“घरात ठेवलेला माल, बाई. आंबला असेल तर? फार तर घेतल्या भावात उचलतो.”

“मग एक उघडा.”

“अगं, पेटी फुटली की भाव उतरतो!” नवरा कळवळला. खरंच होतं ते. आणि वाइन आंबलेली निघाली, तर गाळाही गेला आणि साखळीही गेली. तरी वहिनी उठल्या आणि त्यांनी फरशी पुसायची बादली घासून, कोरडी पुसून व्यापाऱ्यापुढे ठेवली.

त्यानं वास घेतला, घोट घेतला, तोंडात घोळवला.

“ठीक आहे. अगदीच टाकाऊ नाही. थोडे वाढवून देतो.”

वहिनींनी बादलीत डोकावून पाहिलं.

“कोरडी आहे.”

“काय?”

“बादली. तुमच्या दुकानात माझ्यादेखत इतक्या चाखल्यात, थेंब पोटात जाऊ दिला नाहीत. ही गिळलीत.”

व्यापाऱ्याचा हात पुन्हा बाटलीकडे निघाला होता. वहिनींनी ती अलगद आपल्याकडे ओढली.

“आधी भाव.”

त्यानं खूप आढेवेढे घेतले. पण वहिनींनी सांगितलेल्या भावातून एक पैसा सुटला नाही. फोडलेली बाटली सोडून पेटी गेली, गाळा आला. व्यापारी गेल्यावर वहिनी जिन्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडल्या.

सासूबाई भांडं घेऊन समोर येऊन उभ्या राहिल्या.

“ओत त्या फोडलेलीतली. दुकान कसं लागतं बघू दे.”

त्यांनी घोट घेतला. तोंड कारल्यासारखं कडू झालं, डोळे मिटले, हात बादलीकडे गेला. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि गिळला.